सागाचा अल्टरनेटर

श्रावणदादांच्या पिशवीत, भाकरीच्या फडक्याशेजारी, लाकडाचा एक ठोकळा असायचा. नारळाएवढा, गोलसर, पुढे चकती आणि दोन्ही बाजूंना कान. पांढुर्ण्याच्या बसस्टँडवर एखाद्या नवख्याने विचारलंच, तर म्हणायचे, "अल्टरनेटर हाय. सागाचा." एवढं बोलून नागपूरच्या बसमध्ये चढायचे. तो बिचारा बघतच राहायचा.

त्यांचं बॅटरी-वायरिंगचं दुकान माझ्या दुकानाला लागून होतं. मी गाड्यांच्या सीटा शिवायचो. सकाळी "जय भीम, किसन" म्हणायचे, की मग दुपारच्या चहापर्यंत तोंडाला कुलूप. मी चिडवलं, तर ठरलेलं उत्तर यायचं, "करंट आन् बोलनं, कामापुरतंच सोडाव." माझं तोंड दिवसभर चालू असायचं, म्हणजे टोमणा मलाच होता.

दादांच्या घरच्या, सुमनवहिनी, हृदयाच्या दुखण्याने खंगल्या होत्या. चार पावलं चालल्या की धाप लागे. त्यांचं माहेर सौसरकडे, मोहगावला. तिथे त्यांची म्हातारी आई मांडीचं हाड मोडून खाटेला खिळली होती. आईला इकडे येता येईना आणि लेकीला तिकडे जाता येईना. बसची पायरी चढणं वहिनींच्याने होत नव्हतं. एकदा दादांनी जीप केली, पण पाय दुमडून बसल्यावर त्यांचा जीव इतका गुदमरला, की अर्ध्या रस्त्यातून परत आणावं लागलं. पाठीला उशा लावून, पाय लांब करून कलतं पडलं, तरच त्यांना श्वास घेता येई. "मायचं तोंड पाहाचं हाय मले एकडाव," एवढंच त्या म्हणत. दुसरं काही मागणं नव्हतं त्या बाईचं.

म्हणून दादांनी गाडीच बनवायला घेतली. भंगारातलं इंजिन आणलं आणि नदीपलीकडे सावरगावात ट्रॉल्या बनवणाऱ्याकडून सांगाडा जोडून घेतला. मागची सीट मी शिवली. वहिनी निजतील एवढी लांब आणि उशाकडून उंच. ती लांबी काढायला दादांनी इंजिन पुढे ढकललं, आणि तिथेच सगळं अडलं. इंजिनचा जुना डायनामो लांबडा, समोर मावेना. शिवाय गाडी हळू चालली, की डायनामो बॅटरी भरत नाही. ही गाडी तर हळूच न्यायची होती, आणि वहिनींसाठी छोटा पंखाही चालू ठेवायचा होता. हळू गाडीतही बॅटरी भरणारा अल्टरनेटर हवा होता, आणि तोही लहान.

मापासाठी त्यांनी तान्ह्या पोळ्याला पोरं ओढतात ते चाकांचे लाकडी बैल बनवणाऱ्या सुताराला तो ठोकळा करायला सांगितला. सुताराने हाताच्या सवयीने खाली चार चाकं ठोकून दिली! दादा चाकं उपटायला लागले, तर वहिनी हसून हसून धापल्या. "राहू द्या न. निदान हे तरी जाईन मोहगावले," म्हणाल्या. पुढे त्या ठोकळ्याला त्या सवत म्हणायच्या. दादा पिशवी घेऊन निघाले, की खाटेवरून विचारायच्या, "चालली का सवत नागपूरले?"

नागपूरच्या भंगार बाजारात मोठे अल्टरनेटर ढिगाने होते. दादांच्या मापाचे फक्त नव्या छोट्या मोटारींत येत, आणि त्या मोटारी नुकत्याच रस्त्यावर आल्या होत्या. त्या भंगारात येणार कुठून? दादा म्हणाले, "कोनाची तरी नवी गाडी ठुकन, तवा मले भेटन. असं मांगाव तरी कसं?" आणि खरंच, त्यांनी दुकानदारांना 'आला तर सांगा' म्हणणंही सोडून दिलं. फक्त जायचे, ठोकळा ढिगाशी लावून पाहायचे आणि परत यायचे.

मी म्हटलं, दादा, सीट वीतभर कापून देतो, मोठा बसवून टाका. वहिनीही म्हणाल्या, की पाय थोडे दुमडीन मी. पण दादांचं एक ठरलेलं होतं, सगळ्याच बाबतीत. "जागा पाहून वस्तू घ्याव. वस्तूसाठी जागा कापू नाई." मग वहिनींनी दुसरा उपाय काढला. दुकान भरून बॅटऱ्या आहेत, भरलेल्या दोन टाका आणि दिवसाउजेडी न्या, म्हणजे दिवे लावायला नकोत. दादांनी मान हलवली. "आन् रस्त्यात बंद पडली त? उनात घेऊन बसू का तुले?"

संत्र्याचे ट्रक भरू लागले, त्या दिवसांत एका पहाटे वहिनी गेल्या.

उजाडल्यावर दादा दुकानात आले. भरलेल्या दोन बॅटऱ्या उचलल्या आणि मला म्हणाले, "किसन, चाल. मायले आनू." ते रडले नाहीत. मला मात्र आवरेना. मोहगावला म्हातारीला आम्ही चौघांनी उचलून त्या सीटवर निजवलं. दादांनी तिच्या डोक्याशी पंखा लावून दिला आणि गाडी इतकी हळू आणली, की सौसरच्या पुढे सायकलवाले आम्हाला मागे टाकून गेले. म्हातारी रेक्झिनवरून हात फिरवत होती. "मऊ हाय," म्हणाली, "कोनासाठी केली, बापू?" दादांनी आरसा वर वळवला.

तिने लेकीचं तोंड पाहिलं. गालावरून हात फिरवला. पुढचं मला लिहवत नाही.

दादांचा मला आजही राग येतो. आणि राग आला, की त्यांचाच चेहरा आठवून डोळे भरतात. वहिनींना निरोप देऊन आम्ही परतलो, तेव्हा गाडी दारात तशीच उभी होती आणि मागच्या सीटवर पंखा फिरत होता. घाईत तो कोणी बंदच केला नव्हता. मी हात पुढे केला, तर दादांनी माझं मनगट धरलं.

"राहू दे," म्हणाले. "बॅटरीवरच जाऊन आलो, किसन. कुठीसाच बंद नाई पडली."