बोईसरमधले तिघे जॅझवाले

बोईसरमध्ये जॅझ ऐकणारे आम्ही तिघे होतो. चौथा कुणी असेल तर तो आम्हाला सापडला नाही, आणि आम्ही शोधला होता.

मी डोंगराकडचा. पावसावर पिकेल तेवढं भात आणि नाचणी, हीच आमची शेती. घरात कॉलेज पूर्ण केलेला मी पहिला, आणि हे मी कुठेही छाती फुगवून सांगतो. बोईसरच्या एका केमिकल कंपनीत लॅबमध्ये लागलो. तिथला माझा दोस्त किनाऱ्यावरच्या मुरबे गावचा, मच्छीमार घरातला. एकदा कंपनीच्या बसमध्ये माझ्या मोबाइलवर सॅक्सोफोन वाजत होता. मागचा ऑपरेटर म्हणाला, "क्या भाई, बारातवालों की रिहर्सल है?" बस हसली. फक्त दोस्त हसला नाही. म्हणाला, "परत लाव."

तिसरे काका, नात्यातले नाहीत, आम्ही त्यांना तसं म्हणायचो. तारापूरच्या वीजकेंद्रातून निवृत्त झाल्यावर बोईसरला फ्लॅटमध्ये एकटे राहायचे. कपाटं भरून रेकॉर्ड. रविवारी दुपारी त्यांच्याकडे बसायचो. ज्याची पाळी त्याने रेकॉर्ड निवडायची आणि बाजू संपेपर्यंत कुणी तोंड उघडायचं नाही. मग प्रत्येकाने काय ऐकलं ते सांगायचं.

"तो ड्रमवाला मुद्दाम उशिरा येतो," दोस्त म्हणायचा. "आमच्या बोटीवरचा एकजण पण असाच येतो, फक्त त्याला शिव्या पडतात."

काका खोकला लागेपर्यंत हसायचे. मी पियानोबद्दल सुरू झालो की म्हणायचे, "व्याख्यान नको रे. तुला काय ऐकू आलं ते सांग." मला काय ऐकू आलं, हे त्याआधी कुणी विचारलं नव्हतं. घरीही नाही, कॉलेजातही नाही.

मग काकांची लेक त्यांना पुण्याला घेऊन गेली. तिच्या घरात एवढ्या सामानाला जागा नव्हती, माझी खोली भाड्याची. रेकॉर्ड आणि प्लेअर दोस्ताच्या घरी गेले. निघताना काका म्हणाले, "नुसत्या सांभाळू नका. बसा आणि वाजवा. बसणं मोडलं तर या काळ्या थाळ्याच आहेत."

आम्ही बसत राहिलो. काका फोनवर असायचे, स्पीकर लावून.

पावसाळ्यात खाऱ्या हवेने सगळ्या रेकॉर्डवर बुरशी धरली. ऑक्टोबरात आम्ही ड्युटीवर असताना दोस्ताच्या आईने रेकॉर्ड बाहेर काढल्या, ओल्या फडक्याने पुसल्या आणि बोंबील सुकवायच्या बांबूंना टेकवून उन्हात ठेवल्या. दमट झालेल्या वस्तूला ऊन दाखवायचं, तिथे घरोघरी हेच करतात. आम्ही पोचलो तेव्हा ती खूश होती.

"बग, किती चकचकीत झाल्या. वास पण नाय राहिला."

दोस्ताने एक उचलली. काठ वळून तिचा द्रोण झाला होता. दुसरी तशीच. तिसरी उचललीच नाही.

"आई, ह्या प्लास्टिकच्या हायत."

"मंग? प्लास्टिकला ऊन चालत नाय?" मग तिने आमची तोंडं पाहिली. "मी सपाट करते ना. वर पाटा ठेवते."

पाटा ठेवलाही. काही झालं नाही.

काकांना मी सरळ सांगितलं. मला गोष्टी फिरवून सांगता येत नाहीत. ते म्हणाले, "एखादी लाव."

लावली. सुई वर चढत होती, खाली घसरत होती, आणि ट्रम्पेट दारू प्यायलेल्या माणसासारखा रडत होता. बाजू संपेपर्यंत कुणी बोललं नाही. संपल्यावर, काय ऐकलं ते काकांनी विचारलं नाही. "आईंना काही बोलू नका," म्हणाले आणि फोन ठेवला.

पुढच्या रविवारी त्यांचा फोन आला नाही. मी केला, तर लेक म्हणाली, झोपलेत. त्यानंतर जेव्हा केला तेव्हा झोपलेलेच होते.

दोस्ताला दुसऱ्या प्लँटवर टाकलं, रविवारची सुट्टी गेली. आता आम्ही एकमेकांना लिंक पाठवतो. लोक म्हणतात, हल्ली सगळं फुकट ऐकायला मिळतं. मिळतं, खरं आहे.

मागच्या आठवड्यात मी त्याला एक लिंक पाठवली. लगेच उत्तर आलं, "वा! शेवटचा सोलो म्हणजे कहर!" नंतर पाहिलं, तर माझ्याकडून भलतीच लिंक गेली होती. पंपाचं सील कसं बदलायचं, त्याचा व्हिडिओ.

त्याला मी काही बोललो नाही. तेवढ्यात त्याची लिंक आली. ती न उघडताच मी लाइकचा अंगठा पाठवला आणि मोबाइल खिशात टाकला.