हेमराजनं सगळ्यांना सांगितलं, हर्षाला सोडून

सिंदी रेल्वे या गावी स्टेशन रस्त्यावर हेमराजचं इंटरनेट कॅफे होतं. दोन हजार सहाच्या आसपासची गोष्ट. गावातली निम्मी लग्नं तेव्हा त्याच्या बोटांखालून जात. नागपूरच्या एका कंपनीची लग्न जुळवायची वेबसाइट होती, पण लोक कॉम्प्युटरला हात लावत नसत. बाजूच्या खुर्चीत बसून सांगायचं आणि टाइप हेमराजनं करायचं, हा रिवाज. कोणत्या नवरदेवाची उंची टाइप होता होता चार बोटं वाढली, हे त्याला ठाऊक असे आणि तो कोणाला सांगत नसे. असल्या माणसाचा गावाला उपयोग काय, अशी पानठेल्यावर कुरकुर होतीच. त्यात स्वतः पस्तिशी उलटून बिनलग्नाचा. दुसऱ्यांचे अक्षतांचे तांदूळ निवडता निवडता याचेच केस पिकले, म्हणत.

महादेवराव दलालांची हर्षा बालवाडीत शिकवायची. ती खुर्चीत बसली आणि सरळ म्हणाली, "लिहा भाऊ, मले लहानपणी फिट येत. आता औषधही बंद आहे. होणाऱ्या माणसाले आधीच कळलं पाह्यजे." साइटवर अशा गोष्टींसाठी वेगळा रकाना होता. दोन्हीकडून होकार आल्यावरच तो उघडेल, असं कंपनीचं म्हणणं.

"गावभर तं नाई होणार ना?"

"कोणाच्या बापाले दिसत नाई," हेमराज म्हणाला.

हाच शब्द पुढं त्याच्या अंगाशी आला. झालं असं, की एकदा हर्षाचं पान उघडताना वेबसाइटच्या पत्त्यातला शेवटचा आकडा चुकला आणि आर्वीकडच्या कुठल्याशा घरचं पान उघडलं. झाकलेल्या रकान्यासकट. पासवर्ड कोणी विचारला नाही. हेमराजनं दुसऱ्या कॉम्प्युटरवर जाऊन हर्षाचा आकडा टाकला. फिट, औषध, महादेवरावांचा फोन, सगळं समोर.

त्यानं कंपनीला फोन केला. फोनवरच्या पोरीनं मेल करा सांगितलं. मेल केला, तर उत्तरात त्याला अनुरूप अशा वधूंची नावं आली. पुन्हा केला, पुन्हा वधू. त्याची आई आनंदाबाई म्हणाली, "एखादी पाहून तं घे. कंपनी एवढी मागं लागली हाये."

आता हर्षाला सांगावं का? रोज ती कॅफेवरून जायची आणि रोज हेमराज प्रिंटरमध्ये डोकं घालायचा. कंपनीनं भोक बुजवलं की सांगू, तोवर कायले घाबरवायचं, अशी त्यानं स्वतःची समजूत घातली.

शेवटी त्यानं आपल्याकडे सोयरिकीत आणि शेताच्या धुऱ्याच्या भांडणात करतात तेच केलं. मधे माणूस घातला. गावातल्या प्रभाकररावांनी शब्द टाकला की तुटलेलं जुळतं, अशी त्यांची ख्याती. इस्त्रीचं धोतर, डोक्याला तेल, पॅसेंजरनं नागपूर. वाटेत हेमराजनं त्यांना सगळं समजावलं. हर्षाचं नाव तेवढं गाळलं. प्रभाकरराव बारकाईनं ऐकत होते. इतकं बारकाईनं, की तेव्हाच हेमराजला शंका यायला हवी होती.

कंपनीच्या मॅनेजरनं पाणी विचारलं आणि पहिलाच प्रश्न टाकला, "कोणाकडून नकार आला का तुम्हाला?"

"नकार नाई साहेब. हे पाहा." हेमराजनं त्याच्याच कॉम्प्युटरवर आकडा बदलून दाखवला.

मॅनेजरचा चेहरा उतरला आणि मग चढला. "हे कुलूप तोडणं झालं. पोलिसात देऊ शकतो मी."

"कुलूपच नाई, म्हणून तं आलो."

"दुसऱ्याच्या घरात डोकावलात तेव्हाच कळलं ना?"

हे खोटं नव्हतं. तेवढ्यात प्रभाकररावांनी दोघांच्या खांद्यांवर हात ठेवले. "पोरगं चुकलं, साहेब. तुमीही रागात बोलले. आता च्या मागवा." चहा आला. हेमराजनं माफी मागितली, मॅनेजरनं मोठ्या मनानं दिली. प्रभाकरराव तृप्त. त्यांच्या हातून आणखी एक भांडण मिटलं होतं.

"पण भोक तसंच राह्यलं ना, काकाजी," गाडीत हेमराज म्हणाला.

"अरे, माणसं जुळली की बाकीचं जुळते बापा."

जुळलं ते असं, की दोन दिवसांत प्रभाकररावांच्या कृपेनं पानठेल्यावर आकडे बदलायची युक्ती तोंडपाठ झाली. कॅफेत इतकी गर्दी कधी नव्हती. तानबा हॉटेलवाला म्हणाला, "तो आकडा फिरवायचा खेळ दाखव ना बे." हेमराजनं इंटरनेटची तार उपटली आणि लाइन बंद आहे म्हणाला. लोक हसले आणि सेलूला गेले. तिथंही कॅफे होतं.

हर्षा दुपारी आली. बालवाडीतल्या एका आईनं तिला विचारलं होतं, आता फिट येत नाई ना, पोरं तुमच्याजवळ ठेवतो म्हणून.

हेमराजनं सगळं सांगितलं.

"म्हणजे नागपूरले सांगतलं, प्रभाकररावाले सांगतलं. मले काऊन नाई?"

"तुले वाईट वाटलं असतं."

"आता बरं वाटून राह्यलं का मले? तार लावा."

त्यानं तार लावली. हर्षा प्रथमच त्याच्या खुर्चीत बसली, स्वतःच्या पासवर्डनं पान उघडलं आणि तो रकाना एकेक अक्षर खोडत रिकामा केला. चहा निवेल एवढ्या वेळातच झालं. हेमराज बघत राहिला. एवढंच होतं. पहिल्याच दिवशी झालं असतं.

"बाकीच्याईचं काय?" ती म्हणाली.

"त्याईले सांगायचं तं त्याईचे फोन नंबर पाह्यजेत. म्हणजे पानं उघडावी लागतील. तेच तं मॅनेजर म्हणे."

"गाव पाहूनच राह्यलं. तुमी निदान पाहून सांगा. नंबर पाहा, खालचा रकाना वाचू नका."

हेमराजनं खालच्या निम्म्या पडद्यावर पुठ्ठा चिकटवला आणि आर्वीचा नंबर फिरवला. तिकडून एका बाईनं विचारलं, "आमचा नंबर तुमच्याजवळ कसा आला?"

त्यानं सांगायला सुरुवात केली. बाईनं त्याला मनसोक्त शिव्या दिल्या आणि फोन आपटला.

"पुन्हा लावा," हर्षा म्हणाली. "पहिले माफी मागा, मग सांगा."