दोन दारांची खोली आणि एकच काटा

तोळेकाकांचं तोळेकाका हे नाव कुणी पाडलं ते आता सांगता येणार नाही, पण ज्याने पाडलं त्याची नजर पक्की होती. माणूस अंगाने इतका हलका, की जरा वारा सुटला की बायको म्हणायची, "खिशात दोन वजनं टाका आणि मग बाहेर पडा." नोकरी वजनमापं खात्यात, निरीक्षकाची. पारड्याखाली मेण चिकटवणारा किराणावाला त्यांनी पकडला. काट्यावर वरून बारका पंखा सोडून वाऱ्याने पारडं दाबणारा मसालेवाला पकडला. एकदा तर सख्ख्या मेव्हण्याच्या कोळशाच्या वखारीतला काटा जप्त केला आणि त्याच संध्याकाळी त्याच्याकडे जेवायला गेले, कारण आमंत्रण आधीच झालेलं होतं. मेव्हण्याने वाढलं, पण सगळं चमच्याने, मोजून. हे काका स्वतःच सांगायचे आणि सांगता सांगता स्वतःच हसून ठसकायचे.

खात्याची प्रमाण वजनं लाकडी पेट्यांत असायची, आतून मऊ कापड लावलेल्या. ती उघड्या हाताने धरायची नाहीत, बोटांचा घामसुद्धा वजनात जातो. पन्नास किलोचं मोठं वजन दोघांनीच उचलायचं, हा खात्याचा नियम. आणि काकांचा स्वतःचा नियम असा, की जेवढं तोलायचं तेवढ्याच वजनाने काटा तपासायचा. पोत्याच्या काट्यावर पावशेर ठेवून काही कळत नाही. नात झाली तेव्हा काकांनी आधी दवाखान्यातला काटा तपासला, मग बाळाचं तोंड पाहिलं. सुनेने हे मनावर घेतलं नाही. काकूंनी घेतलं, आणि अजून सोडलेलं नाही.

अशी सदतीस वर्षं गेली आणि निवृत्तीला तीन आठवडे उरले. काकांच्या नोकरीच्या पुस्तकात एकही तांबडा शेरा नव्हता. मोठा हुद्दा मिळाला नाही, घर भाड्याचंच राहिलं, पण ते पुस्तक कोरं होतं, आणि निरोपाच्या दिवशी साहेब ते सर्वांसमोर उघडून दाखवतील एवढी एकच हौस काकांच्या मनात होती.

त्यातच शहरात वजन उचलण्याची आंतरराष्ट्रीय स्पर्धा आली. खेळाडूंचे गट शरीराच्या वजनावर पडतात, म्हणून काटा सरकारी माणसाने तपासलेला लागतो. खात्याने काकांना पाठवलं. काका खूश. कांदेबटाटे तोलून झाले, आता जगातले पैलवान तोलू, असं त्यांनी गल्लीभर सांगितलं.

पण स्पर्धेच्या अकरा दिवस आधी शेजारच्या दोन देशांत लढाई जुंपली. दोन्ही संघ त्याआधीच सरावासाठी येऊन थांबलेले. परत जावं तर विमानं बंद, राहावं तर एकमेकांचं तोंड पाहायचं. आयोजकांची झोप उडाली. त्यांनी दोघांची हॉटेलं वेगळी केली, बस वेगळ्या केल्या, एकाचा सराव सकाळी ठेवला तर दुसऱ्याचा दुपारी. जेवणाच्या हॉलमध्ये मधोमध कपाटं आडवी लावली. अकरा दिवसांत एका संघातला कुणी दुसऱ्या संघातल्या कुणाशी अवाक्षर बोलला नव्हता. सगळं दोन दोन करून झालं, फक्त काटा दोन करता येईना. एका गटातले सगळे एकाच काट्यावर चढले पाहिजेत, हा नियम.

स्पर्धेच्या दिवशी सकाळी काकांनी काटा टोकाच्या खोलीत मांडला. खालचे चारी पाय फिरवून तो पातळीत आणला, पातळी दाखवणारा पाण्यातला बुडबुडा बरोबर मधल्या गोलात बसवला, एका शिपायाला हाताशी घेऊन पन्नासचं वजन ठेवून पाहिलं आणि निवांत चहाला गेले. तेवढ्यात स्पर्धेच्या व्यवस्थापकाच्या ध्यानात आलं की त्या खोलीला दार एकच आहे. दोन देशांची माणसं उंबऱ्यातच एकमेकांना धडकायची! त्याने चौघांना हाताशी धरलं आणि काटा उचलून दोन दारांच्या खोलीत नेला. काका परतले तेव्हा तो मोठ्या कौतुकाने सांगू लागला, की अगदी तान्ह्या बाळासारखा नेला, कुठे टेकवलासुद्धा नाही.

आता काकांनी काय करायला हवं होतं? पुन्हा पातळी, पुन्हा पन्नासचं वजन. पण वजन राहिलं जुन्या खोलीत. जोडीचा कर्मचारी दाढ सुजून घरी पडलेला, सकाळचा शिपाई कुठे गायब झालेला, आणि घड्याळात पाच मिनिटं. काकांनी हाताशी असलेलं दहा किलोचं वजन ठेवलं. काट्याने दहा दाखवले. बुडबुडा पाहायला गुडघ्यांवर बसावं लागतं, तेही राहिलं. सदतीस वर्षं ज्या चुकीसाठी त्यांनी दुसऱ्यांना झापलं, ती घोडचूक करून काका खुर्चीवर बसले.

गट होता पंचावन्न किलोच्या वरचा, एकसष्टपर्यंतचा. अकरा गडी. मुख्य पंच टक्कल पडलेले, सावध गृहस्थ. जीभसुद्धा जपून हलवायचे. उजव्या दारातून एका देशाचा खेळाडू आला, दाढी राखलेला. काट्यावर साठ किलो नऊशे पन्नास. पंचांनी मान हलवली, त्याच्या प्रशिक्षकाने श्वास सोडला. मग बाकीचे नऊ झाले. शेवटी डाव्या दारातून दुसऱ्या देशाचा पोरगेलासा गडी आला. गालफडं बसलेली, हातात पाण्याची बाटली. तो चढला. चोपन्न किलो नऊशे पन्नास.

इतर सगळे वजन उतरवायला धडपडतात, याचं भरत नव्हतं. घरून निघताना हा सत्तावन्न होता, असं त्याच्या प्रशिक्षकाने सांगितलं. त्याचं गाव हद्दीला लागून. लढाईच्या चौथ्या दिवसापासून आईचा फोन लागत नव्हता, आणि त्या दिवसापासून त्याच्या घशाखाली घास उतरत नव्हता. पाणी पाजावं तर उलटून पडायचं. पण सकाळी आमच्या काट्यावर पंचावन्नच्या वर होता, असं तो प्रशिक्षक परत परत म्हणत राहिला. तुमचा काटा चुकतोय. तिन्ही देशांच्या भाषा शेजारशेजारच्या, जरा वळवून बोललं की कळायच्या.

काका गालात हसले. काटा चुकतोय हे वाक्य त्यांनी उभ्या जन्मात इतक्या वेळा ऐकलं होतं, की पाठीवर थाप मारल्यासारखं ते त्यांना घरगुती वाटायचं.

पोरगा खाली उतरला. बाटलीतलं थोडं पाणी काट्याच्या पत्र्यावर सांडलं होतं. काका फडकं घेऊन पुसायला वाकले आणि तसेच थांबले. पाण्याचे थेंब जागेवर नव्हते. ते एकामागोमाग, शिस्तीत, एका कोपऱ्याकडे निघाले होते. काकांनी फरशीकडे पाहिलं. भिंतीखाली मोरीचं तोंड. ही खोली पूर्वी कपडे धुण्याची. सगळी फरशी मोरीकडे उतरती.

काटा कलला की वजन कमी दाखवतो. दहा किलोला तो फरक डोळ्याला दिसत नाही. पन्नाससाठला शंभर ग्रॅमचा होतो. काकांच्या पायाखालची फरशी नुसती उतरती नव्हती, सरकायलाच लागली होती.

दुसऱ्या कुणीच पाहिलं नव्हतं. फडकं फिरवलं असतं तर थेंब गेले असते, पोरगा बाद झाला असता, पुस्तक कोरं राहिलं असतं. बोलावं तर नुसता शेरा नाही, उजव्या दाराचे म्हणणार की याला त्या लोकांनी फितवला. आणि मग या खोलीत काय होईल ते सांगता येत नव्हतं. काका वाकलेलेच राहिले. पंचांना वाटलं कमरेत उसण भरली. ते हात द्यायला पुढे आले.

काका सरळ झाले. "थांबा," ते म्हणाले. "काटा चुकतोय."

उजव्या दाराचा प्रशिक्षक ताडकन उठला. मघाशी बरोबर होता आणि यांचा गडी बाद झाला तेव्हाच कसा चुकला, हे त्याला समजून घ्यायचं होतं. डाव्या दाराचाही उठला. दोघे एकेकाळचे पट्टीचे वजन उचलणारे, दोघांच्या माना मांडीएवढ्या, आणि मध्ये तोळाभर काका.

"माझ्यावर विश्वास ठेवू नका," काका म्हणाले. "पलीकडच्या खोलीत पन्नासचं वजन आहे. ते आणा, तुमच्या हाताने ठेवा, तुमच्या डोळ्यांनी बघा."

डाव्याने निघायला पाऊल टाकलं तर उजवा आडवा आला. तू एकटा नेमकं काय ठेवशील कोण जाणे. उजवा निघाला तर डावा आडवा. काकांनी शांतपणे सांगितलं की तसंही एकट्याने उचलायचं नाही, दोघांनीच, आणि हातमोजे घालून. वास्तविक त्या दोघांपैकी कुणीही ते वजन एका हाताने नेलं असतं. पण नियम म्हटल्यावर दोघांचं काही चालेना. गेले. काका आणि पंच मागोमाग. वजनाच्या एका कानाला उजवा, दुसऱ्याला डावा. तोंडं दोन दिशांना.

उजवा वाकला आणि डाव्याला राहवेना. वीस वर्षं पोरांना शिकवलेली खोड, ती कुठे जाते!

"कंबरेतून वाकू नकोस," तो म्हणाला. "पाठ धरेल."

उजव्याने त्याच्याकडे पाहिलं. "धरलेलीच आहे. दोन वर्षं झाली."

"मग गुडघे वाकव. मी म्हणतो तेव्हा उचल."

दोन संघांमधलं अकरा दिवसांतलं हे पहिलं बोलणं. पंचांनी श्वास रोखून धरला होता तो सोडला.

वजन काट्यावर ठेवलं. एकोणपन्नास किलो नऊशे. दोघांनी ते उतरवलं. काका फरशीवर पालथे पडले, गाल मोरीशेजारी टेकून एक डोळा मिटला आणि काट्याचे चारी पाय फिरवत बुडबुडा मधोमध आणला. दोघांनी वजन पुन्हा ठेवलं. पन्नास, पुढे शून्यच शून्य. उजवा तो आकडा पाहून म्हणाला की ठीक आहे, सगळे पुन्हा चढवा.

अकराही जण पुन्हा चढले. डाव्या दाराचा पोरगा पंचावन्न किलो पन्नास ग्रॅम. गटात बसला. दाढीवाला एकसष्ट किलो पन्नास ग्रॅम. जास्त झाला. पंचांनी घड्याळ पाहून सांगितलं, बारा मिनिटं आहेत. प्रशिक्षक दाढीकडे बघायला लागला, तसा दाढीवाला दोन्ही हातांनी हनुवटी झाकून पळाला तो थेट शौचालयात. नऊ मिनिटांनी आला, काट्यावर चढला, आणि साठ किलो नऊशे. दाढी शाबूत. खोलीत सगळ्यात आधी हसला तो डाव्या दाराचा प्रशिक्षक. मग मात्र कुणालाच आवरेना.

निघताना उजवा काकांजवळ थांबला. "गप्प बसला असतात तर कळलं नसतं कुणाला."

"हो," काका म्हणाले. "वाकलो होतो तेव्हा हेच म्हणत होतो."

दुपारी काकांनी पहिल्यांदाच पडद्याआडून वजन उचलण्याचा खेळ पाहिला. पोटात काही नसलेल्या पोराकडून पहिल्या खेपेला वजन सुटलं. दुसऱ्या खेपेला गुडघे लटपटत तो उभा राहिला. अकरात नववा आला. दाढीवाला चौथा. पदक कुणालाच नाही, आणि लढाई होती तशी चालू. पोराच्या आईचा फोन त्या दिवशीही लागला नाही.

काकांनी खोलीतच बसून अहवाल लिहिला, दोन ओळींचा. जागा बदलल्यावर पातळी व पूर्ण वजन तपासलं नाही. चूक माझी. साहेबांचा फोन आला. साहेब चांगला माणूस. म्हणाले, काटा त्यांनी हलवला, तसं लिहा. शेरा व्यवस्थापकाच्या अंगावर जाईल, तुमचं पुस्तक कोरं राहील, तीन आठवड्यांचाच प्रश्न आहे.

"साहेब, त्याने बाळासारखाच नेला हो," काका म्हणाले. "बाळ उतरणीवर ठेवल्याचं मी पाहायला हवं होतं."

घरी येऊन त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, पाण्याच्या थेंबांपासून दाढीपर्यंत. काकू भाजी निवडत ऐकत होत्या. शेऱ्याचं सगळ्यात शेवटी सांगितलं. सदतीस वर्षांत ही एकच चूक, असं ते म्हणाले.

"एकच?" काकूंनी मान वर केली. "कचेरीतली म्हणताय ना?"

काकांनी होकार दिला आणि चूळ भरायला उठले.