पाठराखीणबाई

दुसऱ्याच्या नोकरीवर रोज वेळेवर हजर राहणारी बाई मी एकच पाहिली. ज्यांची समज जरा सावकाश चालते अशा तरुणांना आमची डहाणूची लहानशी संस्था कामाला लावायची. मी कामं शोधायचो आणि मिरवायचो. बाई नव्या माणसाशेजारी बसून पहिले काही आठवडे स्वतः राबायच्या. अच्छाडच्या ढाब्यावर त्यांनी ढीगभर भांडी घासली आहेत. नव्या नवरीसोबत सासरी गेल्यासारख्या त्या जात, म्हणून त्यांचं नाव पाठराखीणबाई.

नोकरी लागल्याचा पेढा मी पुढे केला की म्हणायच्या, “लग्न लावणारे पुष्कळ असतात रे. पोरगी नांदली की खाईन.” मला राग यायचा. पेढे मात्र मीच संपवायचो.

वेवजीची सविता २०१५ साली बोर्डीच्या वखारीत चिकू निवडायला लागली. तिला घड्याळ कळत नव्हतं, म्हणून बाईंनी खूण दिली: दहा क्रेट भरले की हात धुवायचे आणि घरी. पुढे तिचा हात असा बसला की ऐन हंगामात अडीचलाच दहा क्रेट भरायचे. अकराव्याला न शिवता सविता थेट एसटीच्या थांब्यावर! पाचपर्यंत राबणाऱ्या बाकीच्या बायका कुरकुरू लागल्या. वखारीचे मालक बागवाले काका म्हणाले, “बाई, पोरगी गुणाची, पण हे नाय चालायचं. सोमवारपासून नको.” घरी जिला कुणी पाणी भरायलाही सांगत नसे, तिची ही पहिली नोकरी होती.

मी सविताला समजवायला निघालो, तर बाई हसायला लागल्या. “तिला काय सांगतोस? शिकवलं तेच करते ती. अक्कल माझी कमी पडली.” काकांकडून पंधरा दिवस मागून घेऊन त्या पुन्हा तिच्या शेजारी गोणपाटावर बसल्या. आता नवी खूण: शेजारी पाचपर्यंत चिकू निवडणारी मंजूकाकी हात धुईल तेव्हाच आपण धुवायचे. चार दिवस सविता दहा क्रेट झाले की उठे, काकीकडे बघे आणि फुरंगटून परत बसे. पाचव्या दिवशी तिने अकरावा क्रेट आपणहून ओढला. बाईंनी भर वखारीत टाळ्या वाजवल्या.

२०१९ मध्ये बाई कायमच्या मुलीकडे पुण्याला निघाल्या. निरोप घ्यायला आम्ही बोर्डीला गेलो. सविता तिथेच, त्याच कामावर होती. सवयीने बाई शेजारी बसल्या आणि चिकू निवडू लागल्या. सविताने त्यांच्या हातातला चिकू काढून घेतला.

“बाई, तुम्ही लहान-मोठे मिसळता. बाजूला बसा. मना काम हाय.”

बाई बाहेर आल्या, पदराने डोळे पुसले आणि हसतच सुटल्या. परतीच्या एसटीत त्यांनी कंडक्टरलासुद्धा अभिमानाने सांगितलं, “मला आज कामावरून काढलं हो!”