देऊची खदान

चंद्रीला बसलेली कुणी पाहिली नव्हती. जेवायचीसुद्धा उकिडवी, एक डोळा ओढ्याकडे, म्हणजे कुणी हाक मारायच्या आत उठता यावं. पाड्यावरच्या बायका म्हणत, हिच्या पायाला भिंगरी बांधून सटवाईने धाडलीय. बायका हसायच्या आणि चंद्रीही हसायची, पण हसता हसता दारातली लाकडं रचून मोकळी व्हायची. अशा माणसाचा शेजार फार वाईट. आपण नुसते टेकलो तरी गुन्हा केल्यासारखं वाटतं.

तिचा पाडा बदलापूरहून बारवी धरणाकडे जाताना आत वळल्यावर लागायचा. खाली ओढा आणि ओढ्याच्या काठाला तिच्या नवऱ्याची, देऊची खदान. खदान म्हणजे काय, काळ्या दगडाची एक कपार आणि पुढे फोडलेल्या खडीचा ढीग. देऊने उमेदीची वर्षं दुसऱ्यांच्या खाणींत घण मारले आणि ब्याऐंशी-त्र्याऐंशी साली खेटे घालून घालून हा तुकडा सरकारी पट्ट्याने स्वतःच्या नावावर घेतला. पाड्यावरच्या माणसाच्या नावावर सरकारदरबारी काही असणं ही त्या काळी नवलाईच होती. देऊ चार पावसाळे मालक म्हणून मिरवला आणि तापाने गेला. खदान चंद्रीच्या नावावर आली, घणही तिच्याच हाती आला.

पुढे नव्वदनंतर कधीतरी वरून हुकूम आला. ओढ्या-नाल्यांच्या काठाला यापुढे कुणी नवी खाण खणायची नाही, काठ खचतात, पाणी नासतं. जुन्या खाणी चालू असतील तर चालू द्यायच्या, पण एकदा बंद पडलेली पुन्हा उघडायची नाही. तलाठ्याने चंद्रीला हे समजावून सांगितलं. त्यातलं 'बंद पडली की गेली' एवढंच तिने कानात ठेवलं आणि उरलीसुरली झोप घालवली.

झालं, तेव्हापासून तिने खदान एक दिवस बंद ठेवली नाही. पावसाळ्यात कपारीत पाणी भरलं की वरचे सुटे दगड फोडायची. अंगात ताप असला तरी चार घण मारून यायची. बारकूच्या, तिच्या मुलाच्या लग्नात मांडवातून उठून गेली आणि हळदीच्या हाताने खडी फोडून आली, तेव्हा व्याह्यांना तिला वेड लागल्याची शंका आली होती. खंडेनवमीला तर कहरच. त्या दिवशी पाड्यावर घण, पहार, कोयता सगळं धुऊन भिंतीशी मांडायचं, हळदकुंकू लावायचं, झेंडू वाहायचा, आणि दसऱ्याची पूजा होईपर्यंत हत्याराला हात लावायचा नाही. वर्षभर राबणाऱ्या लोखंडाला तेवढाच विसावा. चंद्रीचा घण मात्र त्या दिवशीही वाजायचा.

"आज तरी हत्याराला निजू दे गं," शेजारची पुतळी म्हणायची.

"आजच कुनी बघाया आला तं? बंद दिसली का गेली."

बारकूला या सगळ्याची लाज वाटायची. तो उल्हासनगरला एका सिंधी शेटच्या फर्निचरच्या दुकानात होता आणि अंबरनाथ पश्चिमेला भाड्याच्या खोलीत बायकोसह राहत होता. त्यानेच अण्णाला पाड्यावर आणलं. अण्णा खडीचा मोठा ठेकेदार. बेलवलीकडे इमारतींवर इमारती उठत होत्या, खडी कितीही आणा, कमीच पडायची. आणि ओढ्याकाठचा तो चिवट काळा दगड आता कायद्याने काढता येईल अशी जागा त्या भागात एकच उरली होती. म्हातारी हाताने खडी फोडत होती म्हणून जिवंत राहिलेली.

"आये, किती मरशील?" बारकू म्हणाला. "अण्णा तुझ्या जागी स्वतःचं नाव लावून घेतो. आपल्याला स्वतःची खोली भेटते. एकदम फायनल."

चंद्रीला त्यात वावगं काही दिसलं नाही. खरं तर हायसं वाटलं. हक्क जिवंत राहणार होता, आणि घण दुसरा कुणी मारणार होता. तिने अर्जावर अंगठा दिला.

वैशाखात अण्णाने दगडाला भोकं पाडायचा ट्रॅक्टरवरचा कंप्रेसर आणला आणि दगड कसा उडतो ते पाहायला दोन सुरुंग लावले. पाड्यावरची भांडी फळीवरून खाली आली. त्याचं कुणाला काही वाटलं नाही. पण ओढ्याच्या वाळूत, खदानीच्या जरा खाली, पाड्याचा झिरा होता. होळीनंतर ओढा आटला की सगळा पाडा त्यातून वाटीवाटीने पाणी भरायचा. दुसऱ्या दिवशी सकाळी बायका गेल्या तर झिऱ्यात नुसता ओला चिखल. खालचा दगड कुठेतरी तडकला होता आणि पाणी तिकडे निघून गेलं होतं. पाऊस येईपर्यंत बायका डोंगराच्या पलीकडून हंडे आणत राहिल्या. चंद्रीला कुणी एका शब्दाने बोललं नाही. त्यापेक्षा शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पावसात दगडाच्या चिरेत गाळ बसला आणि झिरा हळूहळू पुन्हा पाझरू लागला. पण आता ते दोन सुरुंग नव्हते, रोजचे होणार होते.

ती बारकूकडे अंबरनाथला गेली. "नाय द्यायची मना खदान," म्हणाली.

"आता काय उपेग? अंगठा दिलायस. पाहणी झाली, खाण चालू आहे असा रिपोर्ट गेला, की काम खतम."

चंद्री परत आली. रात्रंदिवस डोकं भणभणत होतं. सोन्याची सुरी झाली म्हणून काय उरात मारून घ्यायची? पण ही सुरी आपणच धार लावून लावून जपली, हे तिला आतून खात होतं. इतकी वर्षं धडपडून जे जिवंत ठेवलं, तेच पाड्याच्या पाण्यावर उठलं होतं.

पाहणीचे साहेब आले ते नेमके खंडेनवमीला. दसऱ्यानंतर त्यांची बदली होती, म्हणून अण्णाने घाईघाईने तोच दिवस गाठला होता. खाण चालू दिसावी म्हणून त्याने पाड्यावरचे पाच गडी आदल्या दिवशीच ठरवून ठेवले होते. गडी आले, पण हात हलवत आले.

"घण कुठे आहेत?" अण्णा ओरडला.

"निजल्यात," त्यातला एक म्हणाला. "आज नवमी ना."

अण्णाने दामदुप्पट मजुरी देऊ केली, मग आईबहिणीवर आला. गडी तंबाखू मळत उभे. अण्णाच्या स्वतःच्या कंप्रेसरलाही त्याच्याच माणसांनी सकाळी हार घातला होता आणि ड्रायव्हर किल्ली देईना. शेवटी अण्णाला चंद्री आठवली. ती तर नवमीलाही फोडते! सगळ्यांनी वळून पाहिलं.

चंद्री खडीच्या ढिगावर बसली होती. मांडी घालून, हात पदराखाली घेऊन. पुतळीने तोंडावर हात ठेवला.

"आये, ऊठ," बारकू खालच्या आवाजात म्हणाला. "दोन घण मार. फक्त दोन."

ती हलली नाही. पदराखाली तिचे हात एकमेकांना घट्ट धरून होते, नाहीतर ते आपसूक उठले असते.

साहेब भला माणूस होता. त्याने ताजी खडी पाहिली, गड्यांच्या कपाळावरचे टिळे पाहिले आणि हसला. "बाई, सणामुळे आजच्यापुरतं काम बंद, उद्यापासून चालू, असं लिहितो. तुमचा हक्क जात नाही. बरोबर ना?"

अण्णाचा जीव भांड्यात पडला. आता तिने मान हलवायचाच अवकाश होता. चंद्रीच्या डोळ्यांपुढे देऊ आला, पट्ट्याचा कागद डोक्याला लावून पाड्यावर फिरणारा. या दगडाखेरीज त्याचं नाव कुठेच उरलं नव्हतं. तिला रडू आलं आणि ते तिने लपवलं नाही.

"नाय सायेब," ती म्हणाली. "उद्या पन नाय. माझा हात ऱ्हायला. खदान बंद झाली, बंदच लिवा."

"विचार करा. एकदा बंद लिहिली की ती पुन्हा कुणालाच उघडता येणार नाही. तुम्हालाही नाही."

"कुनालाच नाय ना? मंग लिवा."

साहेबाने लिहिलं, वाचून दाखवलं. चंद्रीने बसल्या जागी अंगठा दिला.

अण्णाची जीप धुरळा उडवत गेली. बारकू तिच्यासमोर उभा राहिला. खोली गेली होती, अण्णापुढे शब्द गेला होता. "बस आता जन्मभर अशीच," म्हणाला आणि बदलापूरच्या वाटेला लागला.

ऊन उतरलं तरी ती ढिगावरच होती. उठायची तिला सवय होती, पण उठलं की खदानीवर यायचं एवढंच ठाऊक होतं, आणि खदान तर संपली होती. जिवाला कुठे ठेवावं ते कळेना. शेवटी पुतळी खाली आली.

"ऊठ गं."

"उठून जाऊ कुठं?"

पुतळीने आपल्या दोन हंड्यांतला एक तिच्या मांडीत ठेवला.

"पान्याला," म्हणाली.