बिनमुळाच्या रोपाचा शेंडा

आपल्या साडूला आपण कितपत ओळखत होतो, असं कुणी विचारलं तर पुस्तकं बांधणाऱ्या बाइंडरला आजही धड सांगता यायचं नाही. नातं जुनं होतं. पण त्यातली निम्मी वर्षं त्याच्यावर जळण्यातच गेली.

साडू चष्म्याची भिंगं घासायचा. बोलायचा कमी, म्हणून सासूबाईंचा लाडका. "थोरले जावई म्हणजे शांत काम," असं त्या बाइंडरच्याच ताटात वाढता वाढता म्हणायच्या. त्यात वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका गिऱ्हाईक बाईंनी साडूला दलदलीतली एक दुर्मीळ वनस्पती वाढवायला दिली. झालं, सगळं घर गच्चीतल्या टबाभोवती.

रोपाला मुळंच नव्हती. पाण्यात आडवी तरंगणारी हिरवी काडी, भोवती चाकाच्या आऱ्यांसारखी पानं आणि पानापानाच्या टोकाला इवला शिंपला. पाण्यातला किडा आतल्या केसांना लागला की शिंपला पापणी लवायच्या आत मिटायचा आणि किडा पचवायचा.

"मलाही द्या की," बाइंडर म्हणाला. साडूने काडी तोडली आणि आखूड तुकडा पेल्यात टाकला.

"हातचं राखून देताय होय, साडूबुवा?"

"अहो, शेंडा आहे हा. हे पुढून वाढतं, मागून कुजतं."

"ते राहू द्या. लांबडा द्या."

साडूने तुकडा बदलून दिला.

लांबडा तुकडा काळा पडून विरघळला. बाइंडरने घरी सांगितलं, मांजराने पेला सांडला.

"तुमच्या डिंकाच्या वासाने रोपच पळालं असेल बिचारं," बायको म्हणाली.

उन्हाळ्यात तिनेच बातमी आणली. "ताईकडे फूल आलंय. पांढरं, नखाएवढं. काही तासच उमलतं म्हणे."

बाइंडरच्या पोटात दुखलं. फूल तर बघायचं होतं. पण साडूच्या गच्चीत उभं राहून वा वा कोण करणार? तो मुद्दाम पुठ्ठे चिकटवत बसला आणि उन्हं कलल्यावर गेला. फूल मिटून पाण्याकडे वळलं होतं. साडू कठड्याला टेकून बसला होता.

पुढच्याच आठवड्यात साडूचं हृदय बंद पडलं. त्यामुळे त्या संध्याकाळचं बोलणं शेवटचं ठरलं, आणि ते एवढंच होतं.

"शेंडा काढून ठेवलाय तुमच्यासाठी. नेता?"

"आज सायकलवर आलोय, सांडेल. पुढच्या खेपेला बघू."

"बरं. खालचं दार ओढून घ्या, नुसतं लोटून लागत नाही."

"हो, घेतो."