बैलाचं दुसरं नाव

आमच्याकडं बैल विकत आणला की त्याचं नाव बदलायची रीत. जुनं नाव राहिलं तर बैल जुन्या गोठ्याकडं ओढ घेतो, असं बा म्हणायचा. म्हणून मेडशी गावाहून आणलेल्या बांड्या, ठिपक्याठिपक्यांच्या बैलाला त्यानं नवं नाव ठेवलं, आणि बारा वर्षं तो त्या हाकेला कान टवकारत आला. ते नाव मी इथं लिहीत नाही. घ्यायला तोंड राहिलं नाही.

पन्नास सालानंतरची गोष्ट. बैल म्हातारा झाला आणि हाकेला ओ देईना. मोटेवर नाव घेऊन मागं सर म्हटलं की ढिम्म उभा. मी विशीतला, डोकं कायम तापलेलं. माजला लेकाचा, असं म्हणून मी तुतारी उचलायचो. तुतारी म्हणजे टोकाला खिळा ठोकलेली काठी.

"काहून टोचून राह्यला बे त्याले?" बा ओरडायचा. मी कशाला ऐकतो!

एकदा तांबडं फुटताना वांगी, कोथिंबीर भरून बापलेक बैलबंडीनं मालेगावच्या बाजाराला निघालो. वाट बैलाच्या पायाखालची, म्हणून दोघंही भाजीच्या गाठोड्यांना टेकून पेंगलो. जोडीचा गोऱ्हा म्हाताऱ्या बैलाच्या कलानं चालायचा. बंडी थांबली तेव्हा ऊन तोंडावर आलं होतं. समोर बाजार नव्हता. परकं आंगण होतं, आणि त्यात राखुंडीनं दात घासणारा एक म्हातारा.

"अबे, हे तं मेडशी!" बा किंचाळला. "याच्याचकून घेतला होता आपुन!"

म्हाताऱ्यानं बैलाकडं निरखून पाहिलं, चूळ भरली आणि एक हाक मारली. जुन्या नावाची. बैलाचे कान ताडकन उभे राहिले आणि तो हंबरला. तो बहिरा नव्हता, माजलाही नव्हता. आम्ही ठेवलेलं नाव त्याच्या डोक्यातून पुसलं गेलं होतं, आणि त्यापायी मी त्याला रोज टोचत होतो.

"राहू द्या त्याले इथंच," म्हातारा म्हणाला. बानं मान डोलावली. म्हाताऱ्यानं परतीपुरता त्याचा एक बैल आमच्या बंडीला जुंपून दिला.

पुढं मालेगावला गुरांच्या डॉक्टरांना मी हे विचारलं. ते म्हणाले, "मेंदूत काही रस असतात, आठवण त्यांच्यावर चालते. म्हातारपणी ते कमी पडतात. नवं आधी जातं, जुनं मागाहून. माणसाचं तेच, जनावराचं तेच."

"म्हणजे मलेबी इसरला असन?"

"विसरला असेल."

खरं सांगतो, मला बरं वाटलं. सुटलो म्हटलं.

महिन्याभरानं गुळाचा खडा घेऊन मेडशीला गेलो. बैल रवंथ करत उभा होता. माझ्याकडं पाहिलं न पाहिलंसं केलं. मी पाठीवर फिरवायला हात उचलला मात्र, त्याच्या अंगभर थरकाप उठला. मोटेवर सांगूनही न सरणारा बैल दाव्याला हिसडे देत मागं मागं सरत भिंतीला जाऊन भिडला. हातात माझ्या काठीसुद्धा नव्हती.

गूळ मी म्हाताऱ्याकडं दिला. त्याच्या हातून बैलानं तो खाल्ला.